फळ्यावरचं माझं घर

मॅडमनी माझा शब्द पुसला. डस्टर हातात होतं, तरी हाताच्या तळव्यानंच पुसला. ‘सम’ लिहिलं होतं तिथं खडूचा पांढरा डाग उरला आणि त्या डागावरच त्यांनी ‘लिटल’ लिहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "लाजायचं नाही, बेटा. खरं बोलायचं."

मी फळ्याजवळ उभी. समोर सतरंजीवर वर्गातल्या सगळ्या मुली. मॅडमनी पट्टी माझ्याकडे रोखली आणि मुलींना विचारलं, "हाऊ मच राईस इज देअर इन हर हाऊस?"

"देअर इज लिटल राईस इन हर हाऊस." सगळ्या एका सुरात.

"हाऊ मेनी ड्रेसेस डझ शी हॅव?"

"शी हॅज फ्यू ड्रेसेस."

"व्हेरी गुड."

व्याकरण चोख होतं. तांदळाला लिटल, कपड्यांना फ्यू. कुणाची जीभ अडखळली नाही. तिच्या घरात भात नाही, तिच्या अंगाला कपडे नाहीत. हे माझ्याबद्दल, माझ्यासमोर, माझ्याच मैत्रिणी ओरडून सांगत होत्या, आणि त्यातल्या अर्ध्याजणींना आपण काय बोलतोय ते कळतही नव्हतं. मला कळत होतं. वर्गात इंग्रजी सगळ्यात चांगलं माझंच होतं, म्हणून तर मला उभं केलं होतं.

मी बारावीला होते. जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहायची. घर खोडाळ्याच्या वर, पाड्यावर. दर शनिवारी एक संस्था आम्हाला इंग्रजी शिकवायला यायची. संस्था म्हणजे या मॅडम आणि त्यांची गाडी. मॅडम पुण्याच्या. सुती साडी, कपाळाला मोठी टिकली, बोलणं मऊ. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. आश्रमशाळेत आम्ही छड्या खाऊन मोठ्या झालेलो. मऊ बोलणारं माणूस आमच्यासाठी नवलच होतं, म्हणून मॅडम सगळ्यांना आवडायच्या. मलाही आवडायच्या. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं.

आणि इंग्रजी मला मनापासून आवडायचं. मराठीत मी बोलले की जव्हारच्या पोरी हसायच्या. आमच्या घरचं बोलणं वेगळं, शाळेची मराठी वेगळी. ‘चांगला झाला’ म्हटलं की ‘चांगलं झालं म्हण गं’ असं कुणीतरी टोकणारच. इंग्रजीत मात्र सगळ्याच कच्च्या. जव्हारची असो नाहीतर मोखाड्याची, सगळ्या एकाच चिखलात उभ्या. मला वाटलं, ही भाषा आपण घ्यावी. हिच्यात आपल्याला कुणी हसणार नाही.

मच आणि मेनीचा धडा झाला तो दिवस मला आठवतो. मॅडमनी सांगितलं, जे मोजता येतं त्याला मेनी, जे मोजता येत नाही त्याला मच. बकऱ्या मोजता येतात, पाणी मोजता येत नाही. मुलं मोजता येतात, मुलांना आर लावायचं. तांदूळ मोजता येत नाही, तांदळाला इज लावायचं. एक मुलगी म्हणाली, तांदळाचे दाणे तर मोजता येतात. मॅडम हसल्या. म्हणाल्या, इंग्रज मोजत नाहीत.

मला इतकं बरं वाटलं. आम्हीही मोजत नाही.

आमच्या पाड्यावर रीत आहे. धान्य खळ्यावरून घरात आलं की ते किती आलं हे बोलायचं नाही. कणगीत किती आहे ते बाहेरच्याला सांगायचं नाही. घरातल्या घरातसुद्धा आई डोकावून बघते, मनातल्या मनात अंदाज करते आणि झाकण ठेवते. कुणी विचारलंच, भात हाय का, तर म्हणायचं, हाय. पिकलं भरपूर तरी हाय, तळ दिसायला लागला तरी हाय. धान्य म्हणजे देवी. तिला तोंडावर ‘थोडी आहेस’ म्हटलं तर ती रुसते आणि घरातून निघून जाते, असं आजी सांगायची. कोंबड्यांचं तसंच, पोरांचंही तसंच. माझ्या आईला कुणी विचारलं, किती पोरं गं तुला, तर ती म्हणते, हायेत. शहरातल्या माणसाला वाटतं, बाईला मोजता येत नाही.

म्हणून त्या शनिवारी मॅडमनी विचारलं, तुझ्या घरात किती तांदूळ आहे, तेव्हा मी म्हटलं, देअर इज राईस. त्या म्हणाल्या, किती ते सांग, नुसता आहे म्हणून चालत नाही. मग मी शोधून शोधून ‘सम’ काढला. किती शहाणा शब्द आहे तो. आहे एवढं सांगतो, किती ते सांगत नाही. आमच्या आईनं बनवल्यासारखा शब्द. मी स्वतः फळ्यावर लिहिला. देअर इज सम राईस इन माय हाऊस.

मॅडमना वाटलं मी गरिबी लपवते आहे. त्यांनी तो पुसला.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे तसं सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, "माहीत आहे गं. स्वाभिमान असतो. पण स्वाभिमानानं पोट भरत नाही ना?" आणि पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मी उभी राहिले. अंगावर ओरडलं असतं तर उलटून बोलता आलं असतं. पाठीवर हात ठेवणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी उदाहरण झाले. मॅडमची शिकवण्याची पद्धतच तशी होती. पुस्तकातल्या टॉमच्या सफरचंदांचं आपल्याला काय, आपल्या आयुष्यातली वाक्यं करू या, असं त्या म्हणायच्या. ऐकायला किती चांगलं. पण आयुष्य दर वेळी माझंच निघायचं. देअर आर मेनी प्रॉब्लेम्स इन हर व्हिलेज. हर मदर हॅज लिटल एज्युकेशन. देअर आर मेनी चिल्ड्रन अँड देअर इज लिटल फूड. फ्यू आणि अ फ्यू यातला फरक शिकवताना त्यांनी सांगितलं, अ फ्यू म्हणजे थोडे तरी आहेत, नुसतं फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हिच्या घरासाठी कुठलं?" पोरी म्हणाल्या, "फ्यू." एक ‘अ’सुद्धा आमच्या वाट्याला आला नाही.

मॅडमची स्वतःची गाडी, स्वतःचं घर, स्वतःचा नवरा कधी वाक्यात आला नाही. त्यांना कशाला मच लागतं, कशाला मेनी, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर दाभोशाची रंजना होती. माझ्या जवळची म्हणावी अशी तीच एक. तिला मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, केस विंचरता विंचरता म्हणाली, "वाक्यच हाय ना गं. बोलून टाकाचा आन नर्स व्हायचा. तुझ्या घरातला भात काय त्या वाक्यानं कमी होतो?"

मी म्हटलं, "होतो."

ती हसली. चेष्टेनं नाही हसली, पण हसली. त्यानंतर मी तिलाही सांगणं सोडलं. मग शनिवार आला की वर्गात जावंसं वाटायचं नाही आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

नर्सचं काय ते सांगते. त्या वर्षी संस्था वर्गातल्या एका मुलीला ठाण्याला नर्सिंगला पाठवणार होती. राहणं, जेवण, फी, सगळं तेच बघणार. पाहुणे येणार, मुलींशी इंग्रजीत बोलणार आणि त्यातून एक निवडणार. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की शनिवारी बाकी काहीही गिळायची माझी तयारी होती. माझी मावशी बाळंत व्हायला दवाखान्यात गेली तेव्हा मी सोबत होते. तिला होत होतं काय आणि सिस्टर विचारत होत्या काय. मावशी आमच्या बोलीत सांगत होती, सिस्टर शाळेच्या मराठीत ओरडत होत्या, आणि मध्ये मी, शाळकरी पोर, इकडचं तिकडं करत होते. तेव्हाच ठरवलं होतं की या बाजूला आपलं माणूस पाहिजे. पांढऱ्या कपड्यात, आमच्या बोलीतलं. मॅडमना हे माहीत होतं. वर्गात त्या म्हणायच्या, ही जागा हिचीच आहे, फक्त हिनं मन मोकळं करायला हवं.

पाहुणे दोनदा येणार होते. आधी वर्ग बघायला, मग निवड करायला. पहिल्या खेपेला आले ते थंडीत. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी पाहुणे येत नाहीत, आले तर धबधबे बघायला येतात. त्यांच्यासाठी भिंतीवर वारली चित्रं लावली. आम्हाला केसात फुलं माळायला सांगितली. मॅडमनी सतरंजीऐवजी खुर्च्या मांडून घेतल्या, पाहुण्यांपुरत्या.

आणि नेमका त्याच दिवशी बाबा आला.

त्याला मी बोलावलं नव्हतं. दिवाळीनंतर आमच्या पाड्यातली निम्मी घरं बंद होतात, माणसं भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात. बाबा आणि आईही निघणार होते. जायच्या आधी मला भेटायला म्हणून तो जीपनं जव्हारला आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात फडक्यात बांधलेला नवा तांदूळ. देवाला दाखवून झालेला. पोरीला शिकवते त्या बाईला नव्या भाताचा वाटा द्यावा म्हणून त्यानं आणला होता. कुणी मागितला नव्हता. आमच्याकडे देतात.

तो दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून. मी फळ्याजवळ.

"हाऊ मच राईस इज देअर इन हर हाऊस?"

"देअर इज लिटल राईस इन हर हाऊस."

"हाऊ मच मनी डझ हर फादर हॅव?"

"हर फादर हॅज लिटल मनी."

"इज देअर एनी होप?"

"येस, देअर इज सम होप."

इथं मात्र त्यांना ‘सम’ चालला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून मुलींनी वाजवल्या. आणि दारात उभ्या माझ्या बापानं फडकं काखेत धरलं आणि त्यानंही वाजवल्या. हसत होता. सगळ्या वर्गात एकटी आपली पोर पुढे उभी आहे आणि सगळे तिच्याकडे बघून इंग्रजी बोलतायत, यापेक्षा मोठं त्यानं आयुष्यात काय बघितलं होतं? मी त्याच्याकडे बघितलं आणि मला जमीन फाटावी असं वाटलं. जमीन काही फाटत नाही. वीस डोकी समोर असली तरी आपण तिथंच उभे असतो.

मग त्याला आत बोलावलं. त्यानं फडकं मॅडमच्या हातात दिलं. म्हणाला, "नवा भात हाय." मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पाहुण्यांकडे वळल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. म्हणाल्या, "दे हॅव सो लिटल, अँड स्टिल दे गिव्ह." पाहुण्यांपैकी एका बाईंनी फोन काढला. बाबा, मॅडम आणि मध्ये तांदूळ, असा फोटो झाला. पाहुणे म्हणाले, बहुत अच्छा. बाबाला हिंदी येतं, ठाण्याला बांधकामावर शिकला. तोही म्हणाला, "अच्छा है साब, चावल अच्छा है."

मी त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यानं मला वडापाव घेऊन दिला, स्वतःला नाही घेतला. रस्त्यात विचारलं, "काय बोलत होती गं सगळी? तुझ्याकडं बघून बोलत होती."

मी म्हटलं, "भाताचा बोलत होती."

"बघ. भात आणला आन भाताचाच बोलली." तो खूश झाला. "चांगला बोलली ना?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून ते त्याला कळलं नसावं. त्याची गाडी गेली. मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. आजूबाजूला केवढी माणसं. बाजाराची, दवाखान्याची, कोर्टकचेरीची. त्यात माझ्या घराबद्दल काय बोललं गेलं ते कळणारी मी एकटी. इंग्रजी शिकले म्हणून एकटी. आमच्या घरात अपमान समजण्याइतकी भाषा एकट्या माझ्याकडं होती, आणि तो वाटून घ्यायला कुणी नव्हतं. त्या बाकावर मी रडले. कुणी विचारलं नाही, स्टँडवर रडणारी माणसं आमच्याकडे नेहमीचीच.

निवडीचा दिवस आला. मॅडमनी आदल्या शनिवारी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आजवर मुली तुझ्याबद्दल बोलत होत्या. आता तू स्वतः बोलायचंस. हर हाऊसच्या जागी माय हाऊस. बाकी सगळं तेच. मनापासून बोल, जागा तुझीच आहे." म्हणजे मी स्वतः म्हणायचं होतं. देअर इज लिटल राईस इन माय हाऊस. माय फादर हॅज लिटल मनी.

मी पाठ केलं. खरं सांगते, वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसून मी ते पाठ केलं. ठाणे डोळ्यांसमोर होतं, पांढरे कपडे होते. मावशी होती. पण माय हाऊसपाशी आलं की मी थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दुसऱ्यानं बोललं तर ती त्याची जीभ. माझ्या जिभेनं बोलले की ते खरं होणार होतं. आजी म्हणायची ती देवी खरंच आहे की नाही मला माहीत नाही. पण माझा बाप खरा आहे. चार महिने पाण्यात वाकून तो जे पिकवतो, त्याला त्याच्याच पोरीनं परक्या लोकांपुढं लिटल म्हणायचं, बदल्यात सीट घ्यायची. हे विकणंच झालं की.

आत बोलावलं. टेबलामागं मॅडम आणि तेच पाहुणे. फोनवाल्या बाईही होत्या. एका पाहुण्यानं चष्मा पुसत हसून विचारलं, बहुतेक मॅडमनीच सांगून ठेवलं असणार, "सो, हाऊ मच राईस इज देअर इन युअर हाऊस?"

"देअर इज राईस, सर."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "हाऊ मच?" हळूच, आठवण करून दिल्यासारखं.

"आय विल नॉट टेल, मॅडम."

सगळे हसले. त्यांना वाटलं पोर घाबरली. मॅडम मराठीत म्हणाल्या, "घाबरू नकोस बेटा, आपण पाठ केलंय ना? लिटल..."

पाठ केलंय हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मन मोकळं करायचं होतं ते पाठ केलेलं होतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलाला हात टेकवले आणि विचारलं, "हाऊ मच राईस इज देअर इन युअर हाऊस, मॅडम?"

मी चष्मावाल्या पाहुण्यांकडे वळले. "इन युअर हाऊस, सर?"

फोनवाल्या बाई कसनुसं हसल्या. म्हणाल्या, "आय डोन्ट नो. कुकला विचारावं लागेल." चष्मावाले गृहस्थ म्हणाले, "धिस इज नॉट द पॉइंट." मॅडमचा चेहरा मात्र उतरला. मला वाटतं, त्या एकट्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "असं विचारत नाहीत."

"हो मॅडम," मी म्हटलं, "आमच्याकडेपण असं विचारत नाहीत."

आणि मी बाहेर आले. कुणी जा म्हटलं नव्हतं.

जागा रंजनाला मिळाली. तिनं तिच्या घराची वाक्यं बोलली, चोख बोलली. जाताना मला मिठी मारून रडली. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या घरात काय आहे, काय नाही ते मी कुणाला सांगणार नाही. मॅडम वर्गात माझं नाव न घेता म्हणाल्या की काही मुलींना संधीची किंमत नसते. माझ्याकडे बघून त्यांनी नंतर कधी वाक्य केलं नाही. मुली माझ्याशी जपून बोलायला लागल्या, जणू मला काही झालं आहे. परीक्षेपर्यंतचे ते दिवस मी त्या कॉटवर पुस्तकाआड काढले. परीक्षा संपली तशी शेजारची कॉट रिकामी झाली.

पावसाच्या तोंडावर बाबा आणि आई भट्टीवरून परत आले. बाबानं पहिलं तेच विचारलं, ठाण्याला कधी जाचा? मी सांगितलं, नाही जायचं. त्याला धक्का बसला. भट्टीवर त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणाला, "त्यांना काय पाहिजे होता?"

"वाक्य पाहिजे होता."

"मंग बोलाचा ना एक वाक्य. एवढा बोलली असतीस तं काय गेला असता तुझा?"

मग मी त्याला सांगितलं. मला टाळता आलं असतं, पण मला त्याच्यापासून लपवायचं नव्हतं. एकेक वाक्य घेतलं आणि आमच्या बोलीत त्याच्यापुढं ठेवलं. तिच्या घरात भात नाय असा. तिच्या बापाकडं पैसा नाय असा. पोरं पुष्कळ आन खायला नाय असा. आई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

बाबा ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "मी आलतो त्या दिशीं हेच बोलत होती?"

"हो."

"मी उभा होतो तवा?"

"हो, बाबा."

तो ओटीवर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "मी टाळ्या वाजवल्या गं."

आई मला रागावली. हळू आवाजात, दात ओठ खाऊन. "कशाला सांगलीस त्याला? सुखात होता ना तो." तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की मी एकटी राहणार नाही. झालं ते वेगळंच. तो त्याच्या जागी एकटा झाला, मी माझ्या जागी. दुसऱ्या दिवशी त्यानं रोपासाठी जमीन नांगरायला घेतली आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. आजवर काढलेला नाही.

आता मी मोखाड्याला एका औषधाच्या दुकानात काम करते. खोलीवर एकटी राहते. सरकारी नर्सिंगची परीक्षा एकदा दिली, झालं नाही. पुन्हा देणार. इंग्रजी मी सोडलं नाही. ते त्या मॅडमच्या मालकीचं नाही. दुकान बंद झालं की रोज वाचते, मोठ्यानं वाचते, भिंतींना ऐकवते. दुसरं ऐकणारं कुणी नाही.

परवा आमच्या पाड्यातली मंदा दुकानात आली. ती आता जव्हारच्या त्याच वसतिगृहात आहे. चेहरा फुललेला. म्हणाली, "ताई, शनवारी पाहुणे येणार हायेत. मॅडमनी मला निवडलाय, पुढं उभा राहाला. सगळ्या पोरी माझ्यावर वाक्य बोलणार." मग तिनं ती वाक्यं मला म्हणून दाखवली. एकही चुकली नाही. माझ्यापेक्षा चांगला उच्चार आहे तिचा.

मी तिला अर्थ सांगितला. आमच्या बोलीत, एकेक करून. तिचा चेहरा उतरत गेला तसा माझा आवाजही उतरत गेला, पण मी थांबले नाही. शेवटी तिनं विचारलं, "मंग मी काय करू?"

मी म्हटलं, ते तू ठरव. बोलायचं तर बोल, जागा घ्यायची तर घे, तुला कुणी बोल लावणार नाही. पण काय बोलतेयस ते ठाऊक असून बोल.

आणि मी काय करणार तेही मी ठरवलं आहे. मालकाकडं शनिवारची सुट्टी मागितली, त्यांनी नाही म्हटलं, मी तरी जाणार आहे. मला त्या वर्गाचं बोलावणं नाही, ते लागतही नाही. मंदाला फळ्याजवळ उभं केलं, पट्टी तिच्याकडं रोखली आणि पहिला प्रश्न विचारला, की मी उठून तिच्या शेजारी उभी राहणार. मॅडमनी खाली बस म्हटलं तर बसणार नाही. मुली बोलायला लागल्या तर प्रत्येक वाक्याचा अर्थ तिथल्या तिथं, आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार. पाहुण्यांना टाळ्या वाजवायच्या असतील तर त्यानंतर वाजवाव्यात.